लेकराचं घड्याळ आधी, एस.टी.चं नंतर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मंगळवेढा भागातील एका अंगणवाडीताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून दोघीतिघी हसल्या. म्हणाल्या, लेकरू घेऊन बाहेर जायचं यात शिकवायचं काय? कडेवर घेतलं आणि निघालं. खरं आहे. आपण सगळ्या निघतोच. पण परत येताना काय होतं ते बघा. दुपारचे दोन वाजलेले, लेकरू रडून रडून लाल झालेलं, हातात कुरकुऱ्यांचं पाकीट, पोटात चहा-बिस्कीट, आणि आईच्या डोक्यात एकच विचार, की पुन्हा म्हणून हिला घेऊन बाहेर पडायचं नाही.

इथंच आपलं नुकसान होतं. आपल्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र नियमित बैठक. तुमच्या गटाची हजेरी काढून बघा. सारख्या गैरहजर कोण असतात? बहुतेक करून एक ते तीन वर्षांचं मूल असलेल्या. मग त्यांना दंड लागतो. पदाधिकारी निवडायची वेळ आली की आपणच म्हणतो, "तिला नको, तिचं लेकरू लहान आहे, बँकेत कोण जाणार?" म्हणजे सही करायचा मान गेला, बँकेची ओळख गेली, कर्जाच्या चर्चेत बोलणं गेलं. दोन लेकरं झाली तर पाच-सहा वर्षं अशीच जातात. म्हणून हा विषय नुसता बाळसंगोपनाचा नाही, तो गटाचा विषय आहे.

आता मुद्द्यावर येते. आपण बाहेर जायचं ठरवताना आधी काय बघतो? गाडी किती वाजता, बँक किती वाजता उघडते. लेकराचं खाणं आणि झोप त्यात कुठंतरी बसवतो. हे उलटं करायचं. आधी लेकराच्या दोन वेळा धरायच्या, एक खाण्याची आणि एक झोपेची. त्यांच्या मधे जी जागा उरते, त्यात काम बसवायचं.

लेकराचं घड्याळ कसं असतं?

लहान मुलाचं पोट लहान. आपण सकाळी भाकरी खाऊन दोनपर्यंत काढतो, ते काढू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ९ ते २३ महिन्यांच्या बाळाला दिवसातून ३ ते ४ वेळा जेवण आणि वर गरजेप्रमाणे १ ते २ वेळा खाऊ द्यावा. आईचं दूध २ वर्षं आणि त्यापुढंही चालू ठेवावं. म्हणजे जागेपणी दर दोन-तीन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे.

झोपेचंही तसंच. १ ते २ वर्षांच्या मुलाला रात्र-दिवस मिळून ११ ते १४ तास झोप लागते. वर्षाच्या बाळाला दिवसा बहुधा दोनदा झोप लागते. दीड वर्षाच्या आसपास ती एकदाच, दुपारची होते. ती दुपारची झोप मोडली की संध्याकाळ गेलीच समजा. जेवत नाही, चिडतं, आणि घरात सगळे म्हणतात, "बाहेर नेलंस, नजर लागली." नजर नाही लागली ताई, झोप राहिली.

प्रत्येक लेकराची वेळ वेगळी. म्हणून घरी चार दिवस नुसतं बघा. कधी उठतं, कधी भूक लागते, कधी डोळे चोळतं. कॅलेंडरवर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीला सांगा.

बँकेचा दिवस : उलटं मोजा

समजा तुमचं दीड-दोन वर्षांचं मूल दुपारी एकला झोपतं. तिथून मागं मोजत या. एकला झोप, म्हणजे साडेबाराला घरी जेवण. म्हणजे बाराच्या आत परतीच्या गाडीत. म्हणजे साडेअकराला बँकेतून बाहेर. बँक दहाला उघडली तर तुमच्या हातात दीड तास आहे. तेवढ्यात होईल तेवढंच काम घ्यायचं.

आता पुढं मोजा. सकाळी उठल्यावर दूध. आठला घरीच पोटभर मऊ जेवण, वरणभात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी. मग गाडी. दहाला बँकेच्या दारात पोचलात की रांगेत उभं राहण्याआधी खाऊ द्या. रडायला लागल्यावर देऊ नका. भुकेनं रडणारं मूल खात नाही, ते फेकतं. पोट भरलेलं मूल अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं बघत राहतं.

तुमच्या गावची गाडी वेगळ्या वेळेला असेल तर याच रीतीनं मोजा. सकाळची गाडीच नसेल तर जेवण-झोप उरकून दुपारनंतर जा. पण रोखीचं काम किती वाजेपर्यंत चालतं ते आधी विचारून घ्या.

तीन गोष्टी पाळा. एक, एका खेपेत एकच मोठं काम. बँक झाली, आता जाताजाता बाजार, मग भाऊबंदांकडं चहा, असं करत करत दुपार होते. दुसरी, आदल्या दिवशी बँक सखीला फोन करून विचारा, की उद्या गर्दी आहे का, मॅनेजर आहेत का, कागद कोणते लागतात. एका कागदासाठी दुसरी खेप होते, तेव्हा लेकराचेही दोन दिवस मोडतात. तिसरी, आठवडी बाजाराचा दिवस बँकेसाठी टाळा.

आणि साडेअकरा वाजले, काम झालं नाही, तर? उठा आणि या. उद्या दुसरी सही करणारी जाईल. गटाच्या खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या चालतात, अशी सोय आपण त्यासाठीच तर ठेवतो.

पिशवीत काय घ्यायचं?

आपल्या सोलापूर जिल्ह्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. शिजवलेलं ओलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांच्या वर ठेवून देऊ नये. सकाळी सातला डब्यात भरलेली खिचडी बाराला भरवली की संध्याकाळी जुलाब सुरू झाले म्हणून समजा. म्हणून ओलं अन्न घरी भरवायचं आणि सोबत कोरडं न्यायचं.

माझी पिशवी सांगते. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आणि गूळपूड एका डबीत, कोरडंच. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, बाहेरचे लोक मागून नेतात, आणि आपण लेकराला मैद्याचं बिस्कीट देतो! वेळेवर घरून आणलेलं उकळून गार केलेलं पाणी घालायचं आणि कालवायचं, झालं जेवण. सोबत दोन केळी, सालासकट, त्यामुळं हात लागत नाही, माशी बसत नाही. तूप-गूळ लावलेली चपातीची गुंडाळी. राजगिऱ्याचा लाडू, चुरून. पाण्याची स्वतंत्र बाटली, एक वाटी, एक चमचा आणि हात धुवायला साबणाची वडी. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार कपाटात पडून राहतो, तोही भाजून, लाडू करून नेता येतो.

आता काय द्यायचं नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक चॉकलेट. हे श्वासनळीत अडकतं, आणि चालत्या गाडीत धक्का बसला तर जास्तच. कूट करून द्या. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून. चहा नको. चहामुळं भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. तिथं आईनं स्वतः भरपूर पाणी प्यायचं.

अंगावर पाजायला लाजू नका. मोठ्या एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. कुलूप दिसलं तर चौकशी खिडकीवर जाऊन उघडायला सांगा. नाव कुणाचं दिलंय बघा. रायगडावर दूध विकायला गेलेल्या हिरकणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गडाचे दरवाजे बंद झाले आणि बाळ घरी भुकेलं, म्हणून ती कडा उतरून गेली. आपल्याला कडा उतरायचा नाही. फक्त दरवाजा बंद व्हायच्या आत निघायचं आहे.

प्रवासातली झोप

गाडीत लेकरू झोपलं तर झोपू द्या. खिडकीकडं डोकं नको, हात-डोकं बाहेर जातं. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही. तेव्हा शक्यतो एस.टी.नं जा.

मोटारसायकलवर मात्र जपून. पेंगलेलं मूल हातातून निसटतं. नियमच आहे, की ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाला बांधायचा सुरक्षा पट्टा पाहिजे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. मालकांना हे सांगा. माझं नाव सांगा हवं तर.

दिवसभराची सहल : पंढरपूर

आता आनंदाचं बोलू. आपल्या गटांची सहल बहुतेक पंढरपूरलाच निघते. मंगळवेढ्याहून पंचवीसेक किलोमीटर. लहान मुलं सोबत असतील तर एकादशी आणि तिच्या आगंमागं दोन दिवस सोडून द्या. येरवाळी निघा. मुलांनी सकाळचं खाल्लं की लगेच दर्शन. पदस्पर्शाची रांग लांब असेल तर लेकुरवाळ्यांनी मुखदर्शन घ्यावं, विठ्ठल रागावत नाही. सगळ्यांनी एकदम जायचंच असा हट्ट नको. दोन तुकड्या करा. एक तुकडी दर्शनाला, दुसरी मुलांपाशी, मग अदलाबदल.

बारा ते तीन हा वेळ मुलांचा. धर्मशाळेत एक खोली आधी ठरवून ठेवा. वर्गणी काढली तर प्रत्येकीला थोडेच पैसे पडतात. गरम जेवण, सतरंजी, आपल्या घरची गोधडी. घरच्या गोधडीच्या वासानं परक्या जागीही लेकरू झोपतं. उन्हं उतरल्यावर वाळवंटात न्या. मात्र चंद्रभागेच्या कडेला मुलाचा हात कुणी धरायचा, ते नाव घेऊन ठरवा. "सगळ्या बघतायत" म्हटलं की कुणीच बघत नसतं. मुलाच्या खिशात आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दिवेलागणीला घरी.

कधी जायचंच नाही

ताप असेल, जुलाब चालू असतील, तर काम कितीही मोठं असो, लेकराला बाहेर काढू नका. जुलाबात ओआरएस द्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पाणीही पीत नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका. आशाताईंना फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. एप्रिल-मे महिन्यात बारा ते तीन या वेळात लहान मुलाला उन्हात नेऊच नका.

आता गटानं काय करायचं?

एवढं सगळं आईनंच करायचं का? नाही. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं व्हावं लागतं. त्याच्या आतलं मूल आईच्याच कडेवर असतं. मग तिला हात कोण देणार? घरच्यांनी द्यायचाच. सासूबाईंनी द्यावा, आणि बापानंही द्यावा. महिन्यातून एक दिवस दोन तास लेकरू सांभाळलं तर पुरुषाचं काही कमी होत नाही. पण गटानंही द्यायचा.

माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, ग्रामसंघाची बैठक दुपारी एक ते तीन ठेवू नका. लेकुरवाळ्यांना विचारून सकाळी दहा किंवा चारनंतरची वेळ धरा. दुसरी, बैठकीत एका कोपऱ्यात सतरंजी टाका आणि पाळीपाळीनं एकीनं मुलांजवळ बसा. तिचं मत आधी विचारून इतिवृत्तात घ्या. तिसरी, बँकेत दोघींनी जोडीनं जा. एक रांगेत, एक लेकरापाशी. चौथी, लेकराच्या आजारपणामुळं आली नाही, तिला दंड लावू नका. तिच्या घरी जाऊन बचत घेऊन या.

माझ्या ओळखीच्या एका गटानं नुसती वेळ बदलली. दुपारची बैठक सकाळी घेतली. ज्या तिघी येत नव्हत्या, त्या तिघीही यायला लागल्या. त्यातली एक आज गटाची सचिव आहे. तिचं लेकरू बैठकीत सतरंजीवर खेळत असतं. वही तीच लिहिते, आणि अक्षर आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे!

येत्या बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्या. ठराव करा, वेळ लिहा, सह्या करा. पुढच्या महिन्यात मी हजेरीवही बघायला येणार आहे.

आता बारा वाजत आलेत. समोर दोन लेकरं डोळे चोळतायत. मी थांबते.