जूनचा खाऊ: फळांच्या कुकीज आणि शाळेचा पहिला आठवडा

एरवी आपण इथे कोड, करिअर आणि ट्रॅफिकवर बोलतो. आजचा विषय ओव्हनमधला आहे. शाळा सुरू होताना मुलांसाठी फळांच्या आकाराच्या, वरून रंगवलेल्या कुकीज कशा करायच्या, आणि मुळात का करायच्या.

आधी ‘का’ सांगतो. आपला पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्टा बदल्यांवर चालतो. दर उन्हाळ्यात इथे नवी कुटुंबं येतात. कुणी बीडहून, कुणी बिहारमधून, कुणी ओडिशातून. आईबाबांना कंपनीत ओळखी होतात. पोरगं मात्र जूनमध्ये एकटंच नव्या वर्गात जाऊन बसतं.

गेल्या वर्षी माझी ताई आणि दाजी मे महिन्यात लातूरहून मोशीला आले. दाजींना चाकणला नोकरी लागली. भाचा पहिलीत. १६ जूनला शाळा सुरू झाली आणि पहिले दोन दिवस तो वर्गात एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, “मामा, त्यांना माझं बोलणं कळत नाही.” बाकावर एका बाजूला हिंदी बोलणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला ओडिया. ताई रडकुंडीला आली होती. “परत लातूरला आजीकडे ठेवू का रे याला?” इथपर्यंत गोष्ट गेली.

ताईने बाईंना विचारलं, शुक्रवारी वर्गात खाऊ वाटला तर चालेल का. बाई म्हणाल्या चालेल, पण अंडं नको, दाणे-काजू नकोत, आणि मधल्या सुट्टीतच वाटायचं. ही झाली आमची रिक्वायरमेंट. त्यात मी एक भर घातली: प्रत्येक कुकीकडे बघून मुलाला फळाचं नाव सांगता आलं पाहिजे. सांगायला काहीतरी असलं की बोलणं सुरू होतं.

आता कृती. ही आपल्याला परकी नाही. तुमच्या आई-आजीला विचारा, मे महिन्यात मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, तिथे ट्रे लावून नानकटाई भाजून घ्यायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. कुकी म्हणजे तीच नानकटाई, फक्त सोडा काढून टाकलेली. सोड्याने नानकटाई फुलते, पसरते, तडकते. तिथे ते छान दिसतं. इथे आंब्याचा बटाटा होईल.

साधारण ४५ लहान कुकीजसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलची आणि लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. बटर आणि साखर फेटा, पीठ घाला, गोळा होईपर्यंतच मळा. जास्त मळलं तर ग्लुटेन तयार होऊन कुकी चिवट होते. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग पाच मिलिमीटर जाड लाटा, कापा, आणि कापलेले आकार पुन्हा दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. थंड बटर ओव्हनमध्ये उशिरा वितळतं, तोवर कडा पक्क्या होतात. १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. कडा हलक्या बदामी झाल्या की काढा. गरम असताना मऊ लागतील, गार झाल्यावर कडक होतात.

साचे. बाजारात सफरचंद, स्ट्रॉबेरी, अननस सहज मिळतं. पण जूनमध्ये आपल्याकडे टोपलीत काय असतं? जांभळं, करवंदं, शेवटचे आंबे, फणस. आमच्या शेजारचे काका भोसरीत शीट मेटलच्या शॉपमध्ये आहेत. त्यांनी स्टेनलेस स्टीलची पट्टी वाकवून पाच सेंटीमीटरचा आंबा करून दिला. कडेची बर नीट घासून, कारण हात लहान मुलांचे लागणार. तेवढी सोय नसेल तर ग्लास घ्या. गोल कापला की करवंद किंवा संत्रं. त्याच गोलावर ग्लास थोडा सरकवून पुन्हा कापला की केळं. बाटलीच्या झाकणाने कापून बोटांनी लांबट केलं की जांभूळ. लंबगोलाला काट्याने टोचे मारले की फणस, त्याला आयसिंगही नको.

रंगाबद्दल थोडं सावध. आपल्याकडे आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे, तेही ठरलेल्या मर्यादेत. पण सुट्या पुडीत काय आहे ते कळत नाही. २०२४ मध्ये तमिळनाडूने ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घातली, कारण त्यात कापड रंगवायचं रोडामाइन-बी सापडलं. म्हणून मी स्वयंपाकघरातूनच रंग घेतले. पिवळ्याला हळद, अगदी चिमटीभर. लालला बीटाचा रस. जांभळाचा गर आटवून जांभळा. त्यात लिंबू पिळलं की तो लालसर होतो, मुलांना हे करून दाखवा. हिरव्याला पालक, पण त्यात लिंबू नको, रंग मळकट होतो. हे सगळं आयसिंगमध्येच घालायचं. बीट भाजलं की तपकिरी पडतं.

आयसिंग म्हणजे २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि दोन-तीन मोठे चमचे रस किंवा पाणी, थेंबाथेंबाने. चमच्यातून पडलेली रेघ दहा सेकंदांत मिसळून गेली की झालं. जूनची खरी अडचण पुढे आहे. साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे आयसिंग चिकटच राहतं. ओटीजी गरम करा, बंद करा, पाच मिनिटं दार उघडं ठेवा आणि उरलेल्या ऊबेत ट्रे वीस मिनिटं ठेवा. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावू नका. आणि वार बघा! आपल्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक त्याच दिवशी. आम्ही बुधवारी रात्री भाजलं आणि गुरुवारी संध्याकाळी वीज आल्यावर रंगवलं.

साखरेचा हिशोबही करून टाकू. एकूण ३०० ग्रॅम, ४५ कुकीज, म्हणजे एकीत साधारण साडेसहा ग्रॅम. दीड छोटा चमचा. म्हणून एका मुलाला एकच. हा रोजचा डबा नाही, पहिल्या आठवड्याचा खाऊ आहे.

शुक्रवारी भाचा घरी आला तो बोलतच. “मामा, फणसाला तो कटहल म्हणतो. आणि दुसरा म्हणतो पणस!” ओडियात खरंच पणस म्हणतात. आपल्या फणसाचा सख्खा भाऊच. त्याला वाटलं होतं की समोरच्याची भाषा पूर्ण वेगळी आहे. एका फळापुरती ती जवळजवळ त्याचीच निघाली. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही, सोमवारी सकाळी पुन्हा पोट दुखलं. पण लातूरला परत पाठवायचा विषय ताईने परत काढला नाही.

तर मंडळी, तुमच्या सोसायटीत, चाळीत, शेजारी यंदा कुणी नवीन आलं असेल आणि घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर एक ट्रे लावून बघा. शाळेची परवानगी आधी घ्या, आणि फळांना त्यांच्याकडे काय म्हणतात ते विचारून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.