खडकातील प्रस्तरभंगांचा नकाशा आणि ग्रामीण शाळा

(केंद्रसंमेलनातील शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगला जातो, तेव्हा विद्यार्थी त्यावर नद्या, डोंगर, रस्ते व गावे शोधतो. या सर्व गोष्टी जमिनीच्या पाठीवरील आहेत. भूशास्त्रज्ञाचा नकाशा याहून निराळा असतो. माती, पिके व वस्ती बाजूला सारली तर खाली कोणता खडक लागेल, हे तो निरनिराळ्या रंगांनी दाखवितो. आणि जेथे हा खडक तुटून सरकलेला आहे, तेथे एक ठळक रेघ काढतो. ही रेघ म्हणजे प्रस्तरभंग. ती कशी काढतात, ती काढल्याने कोणते हित साधते आणि ती न काढली गेल्यास काय घडू शकते, याचे ज्ञान ग्रामीण शाळेतील शिक्षकास असणे अगत्याचे आहे. कोयना आणि किल्लारी ही दोन नावे ज्या राज्याच्या इतिहासात आहेत, तेथे हा विषय केवळ परीक्षेपुरता ठेवून चालणार नाही.

१. भेग आणि प्रस्तरभंग

खडकातील प्रत्येक भेग म्हणजे प्रस्तरभंग नव्हे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्या माती आक्रसल्यामुळे. काळ्या पाषाणाच्या कड्यात उभे, पैलूदार खांब दिसतात. त्यांच्यामधील भेगा तप्त लाव्हारस थंड होताना पडल्या. या दोन्हींत खडक फाटला आहे, परंतु एक बाजू दुसरीवरून सरकलेली नाही. जेथे भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या संदर्भात वर, खाली किंवा आडवे सरकतात, तेथेच प्रस्तरभंग झाला असे म्हणतात. सरकणे ही त्याची खूण होय.

सरकण्याचे प्रकार मुख्यतः तीन. भूकवच ताणले जाते तेव्हा एक बाजू उतारावरून खाली घसरते. ते दाबले जाते तेव्हा एक बाजू दुसरीवर चढते. आणि दोन भाग एकमेकांस घासून विरुद्ध दिशांनी जातात तेव्हा आडवे सरकणे घडते. बहुतेक भूकंपांचे कारण हेच. खडकावर ताण साठत जातो, घर्षण त्यास धरून ठेवते, आणि घर्षणाची शक्ती संपली की खडक एकाएकी सरकतो. त्या धक्क्याच्या लहरी म्हणजे भूकंप. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, त्याच्या अभ्यासातून हॅरी रीड या शास्त्रज्ञाने १९१० साली ही उपपत्ती मांडली.

आपल्या देशातील एक जुने उदाहरण कच्छचे आहे. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीचा एक लांबच लांब पट्टा उंचावला. लोकांनी त्यास 'अल्लाह बंड' म्हणजे ईश्वराने घातलेला बांध असे नाव दिले. भूकंपाबरोबर जमीन उचलली जाते याचा हा जगातील पहिल्या लेखी पुराव्यांपैकी एक मानला जातो.

२. रेघ कशी काढतात

भूशास्त्रज्ञाचे पहिले साधन म्हणजे त्याचे पाय. तो ओढे, घाटरस्ते, दगडखाणी व विहिरी पाहत हिंडतो आणि एखादा ओळखीचा थर धरून त्याचा माग काढतो. दख्खनच्या पाषाणात दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा लाल गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. विहीर खणणाऱ्यांस तो चांगला परिचित आहे. असा पट्टा एका ठिकाणी एका उंचीवर चालत येऊन अकस्मात नाहीसा झाला व पलीकडे निराळ्या उंचीवर सापडला, तर मध्ये प्रस्तरभंग असावा अशी शंका येते. तेवढ्यावर निर्णय मात्र करीत नाहीत. कारण लाव्हाचे थर मुळातच कोठे जाड, कोठे पातळ असतात व मध्येच संपतात. म्हणून इतर खुणा पाहतात : भरडलेल्या खडकाचा चुरा, चिकणमातीसारखे पीठ, घासून गुळगुळीत झालेले व एकाच दिशेने चरे पडलेले पृष्ठभाग, एका सरळ रेषेत येणारे झरे, एकाच जागी वळलेले ओढे. विमानातून व उपग्रहातून घेतलेल्या चित्रांत अशा सरळ रेषा ठळक दिसतात. पण चित्रातील रेषा जमिनीवर जाऊन तपासल्यावाचून प्रस्तरभंग ठरत नाही.

यानंतर रेघ काढली जाते, आणि येथे एक सुंदर शिस्त आहे. जेथे प्रस्तरभंग प्रत्यक्ष दिसला व त्याची जागा नक्की झाली, तेथे रेघ सलग असते. जेथे जागा अंदाजाने ठरविली, तेथे ती तुटक असते. जेथे तो वरच्या थरांखाली झाकला गेला आहे, तेथे ठिपक्यांची असते. आणि जेथे तो आहे की नाही याचीच शंका आहे, तेथे रेघेवर प्रश्नचिन्ह घालतात. पाहिलेले किती आणि अनुमानलेले किती, हे नकाशा स्वतःच सांगतो. हा प्रामाणिकपणा शाळेत शिकविण्यासारखा आहे.

३. धरणाचा पाया

फ्रान्समध्ये फ्रेझ्युस गावाच्या वरच्या बाजूस मालपासे नावाचे कमानी धरण होते. त्याची उंची सुमारे ६६ मीटर. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री ते एकाएकी फुटले व चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढील चौकशीत असे आढळले की, डाव्या काठाच्या खडकातील कमकुवत पदर आणि धरणाच्या किंचित खालच्या अंगास असलेला एक प्रस्तरभंग यांच्यामध्ये खडकाची एक पाचर तयार झाली होती. साठलेल्या पाण्याचा दाब तिच्याखाली शिरला आणि पायाच उचलला गेला. बांधण्यापूर्वी हा प्रस्तरभंग लक्षात आलेला नव्हता. या घटनेनंतर धरणांच्या पायाच्या खडकाची तपासणी जगभर अधिक कसोशीने होऊ लागली.

बोगदा खणतानाही तसेच. भरडलेल्या खडकाचा पट्टा आधी माहीत असेल तर आधार देऊन पुढे जाता येते. अवचित लागला तर दगड व पाणी अंगावर येते. गावाच्या पाण्याशीही या विषयाचा संबंध आहे. खडक भरडून सच्छिद्र झाला असेल तर त्यातून पाणी वाहते. त्याचे चिकट पीठ झाले असेल तर तेच पाणी अडते. एका विहिरीला पाणी भरपूर आणि शंभर पावलांवरील दुसरी कोरडी, याचे कारण कधी कधी अशा अदृश्य पट्ट्यात असते.

४. कोयना

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांनी झाकलेला आहे. त्याखाली याहून कितीतरी पुरातन ग्रॅनाइट व तत्सम खडक आहेत. जुने प्रस्तरभंग त्या खालच्या खडकात आहेत आणि वर लाव्हाची जाड चादर आहे. त्यामुळे पायी हिंडून माग काढण्याची रीत येथे अपुरी पडते.

कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले व १९६२ च्या सुमारास शिवाजीसागरात पाणी साठू लागले. त्यानंतर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६ हून अधिक प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगरची वस्ती उद्ध्वस्त झाली व दोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरणाला तडे गेले, परंतु ते उभे राहिले व पुढे त्याचे मजबुतीकरण झाले. जमिनीवर भेगांची एक रांग उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे गेलेली आढळली. खालच्या प्रस्तरभंगाने दाखविलेली ही वरची खूण होती.

जलाशयाचे वजन व खडकाच्या फटींत शिरणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे, आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग सरकण्यास निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. पाण्याने प्रस्तरभंग निर्माण केला नाही. तो पूर्वीपासून होता. तेथील धक्के अद्याप थांबलेले नाहीत आणि ते प्रामुख्याने सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा लहानशा क्षेत्रातच होतात. त्यांच्या नोंदींवरून, जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथील प्रस्तरभंगांची रेघ काढता येते. याच कामासाठी कऱ्हाड येथे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र २०१७ साली पूर्ण झाले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाथर ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला.

५. किल्लारी : न काढलेली रेघ

किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वीच्या भूकंपविभागीय नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९२ च्या उत्तरार्धात तेथे लहान धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास ६.२ प्रतीचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन थोडी उचलली गेली होती. एक बाजू दुसरीवर चढल्याची ती खूण. पुढे तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर लाव्हाथराखाली पुरातन खडक लागला. म्हणजे ज्या खडकात ताण साठत होता, तो शेताखाली तिसऱ्या हिश्श्याच्या किलोमीटरवर झाकलेला होता आणि त्याची रेघ नकाशावर नव्हती. २००२ साली नकाशा सुधारला गेला, सर्वांत कमी धोक्याचा विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर वरच्या विभागात गेला.

यावरून एकच गोष्ट मनावर ठसवावयाची आहे : नकाशावर रेघ नाही, याचा अर्थ जमिनीत प्रस्तरभंग नाही असा होत नाही, त्याचा अर्थ एवढाच की, तो अद्याप कोणास सापडलेला नाही. म्हणून शोध चालू ठेवावा लागतो आणि घरेही जपून बांधावी लागतात. किल्लारीत माणसे भूमी सरकल्याने मेली नाहीत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे जड माळवद कोसळल्याने मेली. जोत्याशी, दाराखिडक्यांच्या माथ्याशी व छताशी घराभोवती सलग पट्टा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, नीट सांधलेले कोपरे व हलके छप्पर एवढे साधले तरी जीव वाचतात. नकाशा धोका कोठे अधिक आहे ते सांगतो; घर त्या धोक्यास उत्तर देते. दोन्हींची गरज आहे.

६. वर्गातील प्रयोग

यासाठी पैशाचा खर्च नाही. लाकडी फळीवर काळी माती, राख मिसळलेली माती व गेरू यांचे ओले थर एकावर एक लावावेत. दोऱ्याने त्यांचा तिरपा छेद घ्यावा व एक भाग बोटभर खाली सरकवावा. वरचा भाग पट्टीने खरवडून सपाट करावा. पाऊस व नद्या हेच करतात. नंतर सर्वांवर काळ्या मातीचा एक अखंड थर पसरावा. हा आपला लाव्हाथर. आता प्रयोग पाहिला नाही अशा विद्यार्थ्यांस बोलवावे व विचारावे, प्रस्तरभंग कोठे आहे? ते सांगू शकणार नाहीत. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ किंवा बारीक बांबूची नळी चार-पाच ठिकाणी सरळ खाली दाबून काढावी, ती उभी चिरावी आणि गेरूचा थर किती खोल लागला ते पाटीवर मांडावे. जेथे ही खोली एकदम बदलते, त्या दोन छिद्रांच्या मध्ये प्रस्तरभंग असला पाहिजे. विद्यार्थ्याने तेथे तुटक रेघ काढावी. शेवटी वरचा थर उचलून ती सलग करावी. दोन रेघांमधील भेद त्यास जन्मभर विसरता येणार नाही.

विहीर, घाटरस्ता वा खाण दाखवावयाची असल्यास काठापासून दूर उभे राहूनच दाखवावी. मुलांना उतरू देऊ नये. दिसलेला प्रत्येक तडा प्रस्तरभंग म्हणून गावात बोलला जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी. भूकंप केव्हा होईल हे आज कोणासही सांगता येत नाही. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हेही मुलांस शिकवावे. धक्का बसताच बाकाखाली शिरणे, डोके झाकणे व बाकाचा पाय घट्ट धरणे यांचा सराव मात्र प्रत्येक शाळेत व्हावा. शाळेच्या इमारतीच्या भिंतींस तडे असतील तर त्यांची लेखी नोंद करून वरिष्ठांकडे पाठवावी.

डोळ्यांनी पाहिलेले, तर्काने जाणलेले आणि अद्याप न कळलेले, या तिन्हींसाठी निरनिराळ्या रेघा काढावयास जो विद्यार्थी शिकला, त्यास भूगोलाचा एक पाठ तर कळलाच, पण विचार करण्याची एक शिस्तही लागली. ती शिस्त मुलाच्या हातून घरी जाते, आणि घर बांधताना ती एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडू शकते.