सैनिकाचे घर आणि शेतकऱ्याचे घर



सैनिक कामी आला, तर त्याच्या पत्नीला निदान कोणते दार ठोठवायचे हे माहीत असते. अमरावतीला आणि अकोल्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु मागे राहिलेल्या माणसांची जबाबदारी राज्याची आहे, हे तत्त्व तीत मान्य झाले आहे.

वऱ्हाडातील कापूस पिकविणारा शेतकरी विष घेतो, तेव्हा घरी येतात ते पोलीस पाटील आणि पोलीस. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. मग सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, अशी छाननी होऊन मृत्यू 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतो. (मृत्यूला लावण्याजोगी ही विशेषणे आहेत काय?) पात्र ठरल्यास २००६ पासूनच्या नियमाप्रमाणे १ लाख रुपये: ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. जमीन सासऱ्याच्या नावे असल्याने किंवा कर्ज विनापरवाना सावकाराचे असल्याने कित्येक विधवा तेवढ्यालाही मुकल्या.

हे झाले मृत्यूनंतरचे. त्याआधी काही करता येते की नाही, याचे उत्तर अमरावती जिल्ह्यानेच दिले आहे. तेथील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविले; दुखणे मोठे असेल तेथे मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आधी शंभरात जेमतेम ४ होते. १८ महिन्यांनी ते २७ झाले. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे खेडूत मनाचे दुखणे सांगत नाही, ही समजूत खोटी. त्याला विचारणारेच कोणी नव्हते.

शासनाने २०१५ मध्ये अमरावती, अकोल्यासह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प काढला. घरोघर जाऊन मनाची विचारपूस करण्याचे काम आले आशाताईंवर. कायद्याच्या लेखी ती कामगार नव्हे, स्वयंसेविका. तिला वेतन नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. राज्य राखीव दलाचा अमरावतीचा जवान बंदोबस्तासाठी दूर असतो, त्याच्या पगाराची तरतूद अर्थसंकल्पात असते, आणि ती असलीच पाहिजे. मग गावातला एक जीव वाचविणे ही सार्वजनिक सुरक्षितता नव्हे काय? सैनिकाच्या, जवानाच्या आणि शेतकऱ्याच्या घरी जाऊन ऐकून घेणारी प्रशिक्षित व्यक्ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम पदावर, पूर्ण वेतनावर हवी. ही मागणी दोन्ही जिल्हा परिषदांच्या येत्या सभांत मांडली गेली पाहिजे, आणि ती मांडताना आशाताई व्यासपीठावर असल्या पाहिजेत.