रिकी लॅम्बर्ट: वेम्ब्लीच्या त्या गोलनंतर

रिकी लॅम्बर्टची गोष्ट सांगताना बहुतेक जण एका ठिकाणी थांबतात. १४ ऑगस्ट २०१३, वेम्ब्ली, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. ३१ वर्षांचा लॅम्बर्ट देशाकडून पहिल्यांदाच खेळतोय. बदली खेळाडू म्हणून मैदानात येतो, लेटन बेन्स कॉर्नर घेतो, आणि लॅम्बर्टचा चेंडूला झालेला पहिलाच स्पर्श म्हणजे हेडर, गोल! इंग्लंड ३-२ ने जिंकतं. निवडीचा फोन आला त्याच दिवशी घरी मुलगी जन्मलेली. सिनेमावाल्यांनी लिहिलं असतं तर आपणच म्हणालो असतो, अहो, जरा जास्त होतंय.

मला आज त्याच्या पुढे जायचंय. पण आधी थोडं मागे.

लिव्हरपूलला लागूनच कर्कबी आहे, तिथला हा मुलगा. लहानपणी लिव्हरपूलच्याच अकादमीत होता, पंधराव्या वर्षी त्यांनी सोडून दिलं. मग ब्लॅकपूल, तिथूनही नारळ. त्या काळात मॅकल्सफील्ड या छोट्या क्लबबरोबर सराव करत होता आणि पोटासाठी बीटच्या कारखान्यात कामाला होता. बरण्यांना झाकणं लावायची, दिवसाचे २० पौंड. त्यानंतर स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स. नावं वाचताना दोन सेकंद लागतात, पण त्यात त्याची सात वर्षांहून जास्त काळ गेला. फुटबॉलपटूची सात वर्षं म्हणजे अर्धं आयुष्यच की हो.

२००९ मध्ये साउदॅम्प्टनने त्याला घेतलं. क्लब नुकताच दिवाळखोरीतून वाचलेला, तिसऱ्या श्रेणीत घसरलेला, वर दहा गुणांचा दंड. म्हणजे हंगामाची सुरुवातच उणे दहावरून! तिथून २०११ मध्ये दुसरी श्रेणी, २०१२ मध्ये थेट प्रीमियर लीग. दुसऱ्या श्रेणीतल्या त्या एका हंगामात लॅम्बर्टचे लीगमध्ये २७ गोल, सगळ्यांत जास्त. आणि प्रीमियर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, गतविजेत्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, बदली म्हणून येऊन गोल. तो सामना हरले, पण पंधरा वर्षांपूर्वी ज्याला घरी पाठवलं होतं, तो त्या दिवशी वरच्या श्रेणीत गोल करत होता.

पेनल्टीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. साउदॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्ट्या घेतल्या आणि ३४ आत. याच क्लबच्या मॅट ल टिसिएचं केवढं नाव होतं, त्याने ४८ मधल्या ४७ मारल्या होत्या. एक हुकलीच ना? हा गडी एकदाही नाही.

तो वेगवान कधीच नव्हता, बरं का. त्याचं काम वेगळं. लांबून आलेला चेंडू छातीवर घ्यायचा, पाठीवर बचावपटू घेऊन उभं राहायचं, आणि लल्लानासारखे चपळ पोरगे धावत येईपर्यंत चेंडू सांभाळायचा. साउदॅम्प्टनचा खेळ त्याच्याभोवती फिरायचा. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

कारण २०१४ च्या जूनमध्ये लिव्हरपूलने त्याला परत बोलावलं. ज्यांनी सोडलं तेच घ्यायला आले, वय ३२. अशा वेळी नाही कोण म्हणेल? तो करार करून विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला. उरुग्वेविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत मैदानात उतरला, आणि इंग्लंडला हरवणारे दोन्ही गोल कोणाचे? लुईस सुआरेझचे, म्हणजे त्याच्या नव्या क्लबमधल्याच सहकाऱ्याचे. महिनाभरात सुआरेझ बार्सिलोनाला गेला. सुआरेझसारख्याच्या जोडीला हा अनुभवी माणूस, हे ठीक होतं. सुआरेझच नाही, स्टरिज दुखापतग्रस्त, बलोटेली नवा, अशा गोंधळात त्याच्याकडून काय अपेक्षा करायची? लीगमध्ये २५ सामने आणि दोन गोल, त्यातही पुष्कळदा बाकावरून येऊन. वर्षभरात वेस्ट ब्रॉमला विकलं, मग कार्डिफ, ऑक्टोबर २०१७ मध्ये निवृत्ती.

लोक म्हणतात, वय झालं होतं. असेलही. पण चेंडू राखायची कला एका वर्षात जात नाही हो. ज्या संघाला ती हवी होती तो संघ त्याने मागे सोडला होता, आणि जिथे गेला तिथे तिची कोणाला फारशी गरज नव्हती. घर होतं, जागा नव्हती.

लिव्हरपूलच्या लाल जर्सीतला त्याचा पहिला गोल मी अजूनही अधूनमधून बघतो. नोव्हेंबर २०१४, क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर, दुसऱ्याच मिनिटाला. लल्लानाने लांब चेंडू टाकला, यानं तो उतरवला आणि मारला. अगदी साउदॅम्प्टनसारखा गोल. लहानपणापासून वाट पाहिलेला क्षण. नंतरची ८८ मिनिटं मात्र मी पुढे ढकलतो. लिव्हरपूल ३-१ ने हरलं.

चला, पुढच्या भागात भेटू.