जंगलातील युद्ध, गावातील विजय



युद्ध म्हटले की डोळ्यांसमोर रणगाडे आणि सीमारेषा उभी राहते. अल्पतीव्रतेच्या संघर्षाला मात्र ना सीमा असते, ना रणघोषणा, ना गणवेश. महाराष्ट्राला त्याचा दाहक अनुभव गडचिरोलीत आला.

१९८० च्या सुमारास आंध्रातून माओवादी दलम या अरण्यात उतरले. तेंदूपत्त्याच्या तुटपुंज्या मजुरीची व्यथा खरी होती, जंगल खात्याचा जाचही खरा होता. त्या व्यथेवरच त्यांनी बंदुकीचे राज्य उभारले. छापामार हा मासा आणि जनता हे पाणी, हे माओचे सूत्र. बोली न जाणणारी, वाटा न ओळखणारी बाहेरची पथके त्या पाण्यात चाचपडतच राहिली.

उत्तर सापडले ते याच मातीत. १९९० मध्ये ‘सी-६०’ पथक स्थापन झाले. गोंडी-माडिया बोलणारे, नाले आणि पायवाटा पाठ असलेले जिल्ह्यातीलच तरुण त्यात आले. हे सूत्र महाराष्ट्राला नवे नव्हते. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवछत्रपतींनी कारतलबखानाची फौज कोंडली, ती संख्याबळावर नव्हे, तर भूमीच्या ज्ञानावर.

या लढ्याचे मोल मोठे आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये मरकेगावला १५, त्याच ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७ पोलीस हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगस्फोटाने १५ जवान हिरावले. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना बहुधा वनवासी आईचेच लेकरू होते, हे या युद्धाचे सर्वांत विदारक सत्य होय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. हा क्षण समाधानाचा खरा, पण स्वस्थ बसण्याचा नव्हे. शस्त्र मासा पकडते. पाणी निर्मळ करणे शस्त्राला साधत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींना दिलेले अधिकार प्रत्यक्ष हाती पडले पाहिजेत. मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून तो मार्ग दाखविला आहे.

रिकामी शाळा, बंद दवाखाना आणि बुडालेली मजुरी ही पुढच्या दलमची भरतीकेंद्रे ठरतात. जवानाने आपले कर्तव्य रक्ताने बजावले. आता शिक्षक, वैद्य आणि कार्यकर्ता यांनी त्या पायवाटेवर चालावयाचे आहे. गाव आपले झाले, तरच जंगल जिंकले असे म्हणता येईल.