घरबसल्या विद्या आणि आपले कर्तव्य



दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने पदवीचे शिक्षण सुरू केले. २०१७ साली भारत सरकारच्या ‘स्वयम्’ने व्याख्यानेच घरी आणली. ती ऐकण्यास मोल पडत नाही, शुल्क परीक्षेचे. २०२१ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयाने मान्य केल्यास सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय असे शिकता येतात. दिवसा दुकान सांभाळणारा मुलगा किंवा लेकुरवाळी सून रात्री तेच व्याख्यान दोनदा ऐकू शकते, हा केवढा लाभ!

परंतु शंका अडली आणि विचारायला कोणी नसले, की अभ्यास सुटतो. म्हणून विश्वस्तांस विनंती : आपले वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवावे, आपल्यांतीलच एखाद्या निवृत्त शिक्षकाने तेथे तासभर बसावे. शिष्यवृत्तीइतकेच तेही विद्यादान होय.