अल्प प्रमाण, पूर्ण दक्षता
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



यंदाच्या जमाखर्चात ‘नमुने व सिलिंडर वाहतूक’ हे शीर्षक प्रथमच स्वतंत्रपणे आले आहे. हा नवा खर्च कशासाठी, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. तिचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे आणि त्या उत्तरात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

आपल्या रुग्णालयात गाठीच्या तुकड्याची तपासणी करण्याची सोय नाही. तो तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत घालून शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. अनेक वर्षे ती बाटली आम्ही नातेवाइकांच्या हाती साध्या पिशवीतून देत असू. अशीच एक बाटली घेऊन एका भगिनीचा भाऊ एस.टी.ने निघाला. झाकण सैल राहिले होते. वाटेत बाटली आडवी झाली, द्रव गळाला आणि शेजारच्या प्रवाशांचे डोळे चुरचुरू लागले. पिशवीत काय आहे, असे वाहकाने विचारले. पण त्या भावाला उत्तर देता येईना, कारण आम्हीच ते त्याला सांगितले नव्हते. तुकडा सुकला, तपासणी होऊ शकली नाही आणि त्या भगिनीला तीच वेदना पुन्हा सोसावी लागली. निदानही लांबले. आम्ही त्या कुटुंबाची क्षमा मागितली. परंतु गेलेले दिवस आम्हास परत देता आले नाहीत.

या घटनेनंतर आम्ही नियम नव्याने वाचले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी आहेत. माल पाठविणाऱ्याने वाहतूकदारास मालाची पूर्ण माहिती द्यावी, वाहनमालकाने ती चालकास लेखी द्यावी आणि चालकाने तो कागद आपल्या केबिनमध्ये ठेवावा, असा त्यांचा आशय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत अल्प प्रमाणासाठी काही सवलती आहेत. तीव्र फॉर्मालिनसाठी आतील एका डब्याची मर्यादा ५ लिटर, तर बाहेरील खोक्याचे एकूण वजन ३० किलोपर्यंत असावे लागते. मात्र मजबूत वेष्टन आणि बाहेरील खूण यांतून सूट नाही. सवलत म्हणजे बेफिकिरीची परवानगी नव्हे, हा बोध आम्ही त्यातून घेतला. बाटली लहान असली तरी ती नेणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक असलेच पाहिजे.

आता प्रत्येक नमुना घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, ती बरणी कापसासह दुसऱ्या हवाबंद डब्यात आणि तो डबा कडक पेटीत उभा ठेवला जातो. पेटीवर रसायनाचे नाव असते. सांडल्यास खिडक्या उघडाव्यात, डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे, अशा सूचनांचा मराठी कागद सोबत असतो. आठवड्यातून दोनदा रुग्णालयाची गाडी हे नमुने पोहोचविते. नातेवाइकांवर तो भार राहिलेला नाही.

दुसरी बाब प्राणवायूची. घरी न्यावयाचा सिलिंडर दुचाकीवर देण्यास आमचे भांडारपाल नकार देतात, तेव्हा काही कुटुंबीय रागावतात. त्यांची घाई आम्ही समजू शकतो. तथापि गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे भरलेला सिलिंडर सायकलवर वा दुचाकीवर नेता येत नाही. आतील दाब सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो; पडून झडप तुटली तर सिलिंडर बाणासारखा सुटतो. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण आग भडकवितो. म्हणून झडपेला तेल वा ग्रीस लागता कामा नये.

परंतु घरी रुग्ण धापा टाकत असताना केवळ नियम दाखवून मुलाला रिकाम्या हाताने परत पाठविणे हेही सेवेला शोभणारे नव्हे. म्हणून आम्ही भाड्याचा टेम्पो ठरविला आहे. सिलिंडर त्यात पट्ट्यांनी बांधून घरपोच जातो आणि गरजू कुटुंबांकडून भाडे घेतले जात नाही.

जमाखर्चातील ते शीर्षक याच दोन कामांचे आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे; खर्च कमी दाखविण्यात आम्हास आनंदच वाटतो. मात्र जी बचत रुग्णाच्या अंगावर येते, तिला बचत म्हणता येत नाही. देणगीदारांनी या खर्चासही आपले मानावे आणि कुटुंबीयांनी आमच्या नकारामागील काळजी ओळखावी, ही नम्र विनंती.